जाळ्यात मारलेले फटके

मीरा रोडच्या सोसायट्यांमध्ये क्रिकेटचा एक नियम सगळीकडे सारखा आहे. चेंडू कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेला की फलंदाज आऊट. काही ठिकाणी पहिल्या मजल्याच्या ग्रिलला लागला तरी आऊट, गाडीखाली गेला तर एकच रन. शांतीनगरपासून हाटकेशपर्यंत जिथे जिथे मी मुलांना खेळताना पाहिलंय, तिथे हेच. मुलांचा यात काय दोष? दोन उंच इमारतींच्या मधे पंचवीस पावलांची जागा असते, त्यात काचा फुटतात, सेक्रेटरी ओरडतात. पण या नियमावर वाढलेलं मूल दहा-अकरा वर्षांचं होऊन माझ्याकडे येतं, मी त्याच्या हातात बेसबॉलची बॅट देते आणि म्हणते, "मार, जेवढा लांब जाईल तेवढा." तेव्हा ते आधी माझ्याकडे बघतं, मग आजूबाजूच्या खिडक्यांकडे.

सोळा वर्षं झाली, मी इथल्या शाळांमधून पी.टी. शिकवते आणि सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या टीम तयार करते. मूळची मी अमरावतीकडची. तिथल्या हव्याप्र मंडळात, म्हणजे १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, बी.पी.एड. केलं. सॉफ्टबॉल तिथेच खेळले. लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा मैदान म्हणजे काय याची माझी कल्पना विदर्भातली होती. इथे शाळेला पटांगण म्हणून मिळालं ते फरशी घातलेलं, व्हॉलीबॉलच्या कोर्टाएवढं. महापालिकेच्या मैदानावर जावं तर सकाळी चालणारी मंडळी, चार क्रिकेट अकादम्यांची नेट, मध्येच मंडप, आणि पावसाळ्यात चिखल. अशा जागेत लांब मारायला शिकवायचं तरी कसं, हा प्रश्न मला खूप उशिरा पडला. पहिली सात-आठ वर्षं पडलाच नाही, कारण मी मुलांना लांब मारायला शिकवतच नव्हते.

ते आधी सांगते.

शालेय स्पर्धेत मनपा स्तरावर जिंकायचं तर बेसबॉलमध्ये फारसं काही यावं लागत नाही. समोरच्या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, निम्मे बॉल फलंदाजापुढच्या प्लेटवरून जातच नाहीत, फील्डरच्या हातातून चेंडू सुटतो, थ्रो भलतीकडे जातो. म्हणून मी एकच मंत्र दिला होता: "बॅट लाव आणि पळ." स्विंग अर्धाच घ्यायचा. चेंडू जमिनीवर गेला पाहिजे, बाकीचं समोरची टीम आपल्यासाठी करते. तीन स्ट्राइकवर आऊट होऊन आलेल्याला मैदानाची एक फेरी. ही शिक्षा मीच लावली होती आणि मला ती शिस्त वाटायची. आम्ही सलग काही वर्षं मनपा स्तरावर पहिले आलो. शाळा खूश, पालक खूश. दहावीला ग्रेस गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्राला इथे फार किंमत असते. एका आईने मला पेढे देताना विचारलं होतं, "मॅडम, हा खेळ नेमका कसा असतो?" तिच्या मुलीकडे तोवर दोन वर्षांची प्रमाणपत्रं होती.

त्याच काळात माझ्याकडे एक मुलगी होती. सहावीत आली, चणीने इतकी लहान की हेल्मेट भुवयांवर उतरायचं. बेसबॉलमध्ये स्ट्राइक झोन फलंदाजाच्या अंगाप्रमाणे ठरतो, गुडघ्यापासून छातीच्या जरा खालपर्यंत. प्लेट १७ इंच रुंद, ती कुणासाठी बदलत नाही, पण उंची कमी असली की झोन आखूड होतो. झोनबाहेरून गेलेला चेंडू म्हणजे 'बॉल', आणि असे चार झाले की फलंदाजाला वॉक मिळतो, न मारता पहिला बेस. या मुलीचा झोन वहीच्या पानाएवढा. मी हिशेब केला आणि तिला सांगितलं, "तू बॅट हलवायचीच नाहीस. उभी राहा. चार बॉल पडतील, पहिल्या बेसवर चालत जा." अमेरिकेत १९५१ साली एका संघमालकाने खरोखरच असं केलं होतं. एडी गेडेल नावाचा साडेतीन फुटांचा माणूस मैदानात उतरवला, बॅट हलवायची नाही अशी ताकीद दिली, आणि तो चार बॉलवर चालत बेसवर गेला. तिथे तो लोकांची करमणूक म्हणून केलेला एका दिवसाचा प्रकार होता. मी एका मुलीकडून तो दोन मोसम करून घेतला.

ती दर वेळी बेसवर जायची. आम्हाला तिचा उपयोग होता. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी, स्पर्धेहून परतताना लोकलमध्ये, दहिसर गेल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, मी कधी मारायचं?"

तक्रार म्हणून नाही विचारलं. खरंच विचारत होती, जशी मुलं सुट्टी कधी लागणार ते विचारतात. मी काहीतरी उत्तर दिलं. पुढच्या वर्षी, उंची वाढल्यावर, असलं काही. भाईंदर आलं, उतरलो.

त्याच वर्षी आम्ही विभागीय स्पर्धेत जे पाहिलं ते त्या प्रश्नाच्या शेजारी ठेवल्याशिवाय मला आठवताच येत नाही. समोरची टीम चांगली तयारीची होती. आमचे पहिले दोन फलंदाज आले, त्यांनी बॅट लावली, चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे, थेट थ्रो, आऊट. तिसरा यायच्या आधी त्यांच्या कोचने काही न बोलता दोन्ही हात स्वतःकडे ओढल्यासारखे केले, आणि मागचे तिन्ही आऊटफील्डर चालत पुढे आले. दहा पावलं, पंधरा पावलं. जवळजवळ बेसच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे सगळं मैदान मोकळं पडलं होतं, आणि आमच्यातलं कुणीही तिथवर चेंडू पोचवणार नाही याची त्यांना खात्री होती. पंधरा मिनिटांत त्यांनी आमची टीम वाचली होती. मी बाकावर बसून त्या रिकाम्या गवताकडे बघत राहिले. पूर्ण सामना ते तिघे मागे गेले नाहीत. जाण्याचं कारणही आम्ही दिलं नाही.

हरण्याचं एवढं काही नव्हतं. लागलं ते त्या चालत पुढे येण्याने.

परत आल्यावर मी शिकायला बसले. मला जे शिकवलं गेलं होतं, ते होतं बॅट वरून खाली आणायची, कुऱ्हाड घातल्यासारखी. अमेरिकेचा फलंदाज टेड विल्यम्स, ज्याने १९४१ साली .४०६ ची सरासरी काढली, तो याच्या उलट सांगत असे. पिचर उंचवट्यावरून टाकतो, चेंडू प्लेटपर्यंत येताना खालीच उतरत असतो, तर बॅटही किंचित वर चढत त्याच्या वाटेत यायला हवी. तसं झालं तर बॅट आणि चेंडूचा रस्ता जास्त वेळ एकच राहतो आणि टायमिंग थोडं चुकलं तरी चेंडू सापडतो. पुढे मोजमापाची साधनं आली. अमेरिकेच्या मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर २०१५ पासून प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन मोजला जातो. जोरात लागलेला चेंडू साधारण २६ ते ३० अंशांनी वर चढला तर त्यातून सर्वांत जास्त मिळतं. आमच्या मुलांचे सगळे फटके शून्याच्या खाली होते. मीच सांगितलं होतं.

आणि ती .४०६! त्या सुवर्णवर्षातसुद्धा गडी दहातून सहा वेळा बाद होत होता. मी एका स्ट्राइकआऊटला एक फेरी लावत होते. ती फेरी त्याच आठवड्यात बंद केली. मुलांना कारण सांगितलं, माझं चुकलं होतं हेही सांगितलं. पाचवीतला एक म्हणाला, "मग आधी मारलेल्या फेऱ्या?" त्याला उत्तर नव्हतं.

क्रिकेटवर वाढलेलं मूल बेसबॉलमध्ये काय घेऊन येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळा चांगला असतो, ही मोठी शिदोरी. हातांची पकडही तीच. क्रिकेटमधला खालचा हात इथे बॅट उभी धरल्यावर वर येतो, एवढंच. पण चेंडूचा टप्पा पडत नाही. प्रत्येक बॉल फुलटॉस, आणि कमरेवरचा फुलटॉस म्हणजे नो-बॉल हे त्यांच्या अंगात भिनलेलं. म्हणून छातीजवळ आलेला सरळ स्ट्राइक ती सोडून देतात आणि अंपायरकडे बघतात. पुढचा पाय लांब टाकून चेंडूवर जातात, मग कंबर फिरायला जागाच उरत नाही. सुंदर लेट कट मारतात, आणि मला 'फाउल' म्हणावं लागतं. एका मुलाने त्यावर मला म्हटलं होतं, "मॅडम, माझे सगळे चांगले शॉट इथे बाहेरच आहेत." फार बरोबर बोलला.

ताकद हातात असते, ही त्यांची सगळ्यात पक्की समजूत. ती बोलून जात नाही. पावसाळ्यात शाळेच्या गच्चीवर पाणी साचायचं, तिथे मला एक उपाय सापडला. अर्धी बादली पाणी भरायला सांगितलं आणि म्हटलं, हे पाणी जास्तीत जास्त लांब फेका. कुणालाही शिकवावं लागलं नाही. प्रत्येक मूल बादली मागे नेताना मागच्या पायावर बसलं, मग पुढचा पाय रोवला, कंबर आधी फिरली, खांदे तिच्या मागून आले आणि हात सगळ्यात शेवटी. पाणी कुठवर गेलं ते ओल्या फरशीवर दिसत होतं. मग मी एकाला सांगितलं, आता फक्त हातांनी फेक, कंबर हलवू नकोस. पाणी त्याच्याच पायांवर पडलं. त्यानंतर "बादली" एवढा एकच शब्द पुरे व्हायला लागला. चालू सामन्यात मी बाकावरून "बादली!" ओरडते तेव्हा समोरच्या टीमला काही कळत नाही.

तरी मारायला जागा हवीच. भाड्याच्या टर्फवर बेसबॉल लागला की नेट फाटतं, म्हणून कुणी देत नव्हतं. उत्तनची एक विद्यार्थिनी म्हणाली, आमच्याकडे जुनं जाळं पडलंय. तिच्या वडिलांची डोलीची, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी. मी आणि दोन मुलं बसने जाऊन जाळ्याचा मोठा तुकडा घेऊन आलो. बसमध्ये बोंबलाचा वास, लोक सरकून बसत होते. गच्चीवर बांधलं, पहिला फटका मारला आणि चेंडू जाळ्यातून आरपार. आम्ही डोलीच्या तोंडाकडचा भाग आणला होता, तिथली भोकं मोठी असतात. बेसबॉलचा परीघ असतो नऊ इंच, तो त्यातून सहज गेला. तिचे वडील दुसऱ्या दिवशी स्वतः आले, जाळं हातात धरून हसले. "अहो मॅडम, मासा अडवायचाय का बॉल? खोला न्या, खोला." खोला म्हणजे डोलीचं शेपूट, जिथे बारीक विणीत मासळी साठते. त्यांनी तो आणून दिला, आमच्या लोखंडी चौकटीला कोळ्याच्या गाठींनी बांधूनही दिला. आज नऊ वर्षं झाली, एक गाठ सुटलेली नाही.

चेंडू ठेवायला टी लागते. विकतची परवडेना. भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडून जड लोखंडी फ्लँज घेतली, तिच्यात पी.व्ही.सी.चा पाइप बसवला, आणि वर गाडीच्या रेडिएटरचा जुना रबरी होज, काशीमिऱ्याच्या एका गॅरेजातला. रबर असल्याने बॅट लागली तरी वाकून परत उभा राहतो. चेंडूंची शिवण उसवली की इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळायची.

पण जाळ्यात मारलेला चेंडू कुठे गेला असता, हे मुलाला कसं कळणार? चार हातांवर तो अडतो आणि खाली पडतो. यावर मी रात्री वही घेऊन बसले. टी अडीच फूट उंच, जाळं दहा फुटांवर. २५ अंशांनी चढलेला चेंडू जाळ्याला साधारण सात फुटांवर लागेल, १० अंशांनी गेलेला चार-सव्वाचार फुटांवर. जुन्या साडीच्या लाल काठाच्या दोन पट्ट्या त्या उंचीवर बांधल्या. दोन काठांच्या मधे लागला तर मैदानावर तो फील्डरच्या डोक्यावरून गेला असता. खालच्या काठाच्याही खाली लागला तर शॉर्टस्टॉपकडे. फार वर गेला तर आभाळात जाऊन सोपा झेल. मुलं "काठात! काठात!" ओरडायला लागली. आणि कान तयार झाले. ॲल्युमिनियमच्या बॅटवर चेंडू नेमका बसला की आवाज वेगळाच येतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत. डोळे मिटून बसले तरी मी सांगू शकते, कुणाचा काठात गेला.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. या नव्या उत्साहात मी एका मुलाचं नुकसान केलं. तेरा वर्षांचा, एका वर्षात चार-पाच इंच वाढलेला, टीममध्ये सगळ्यात उंच. मला वाटलं, हा खरा लांब मारणारा. मोठ्यांची जड बॅट त्याच्या हातात दिली आणि रोज शंभर-दीडशे स्विंग. त्याला ती बॅट मिरवायलाही आवडायची. दोन महिन्यांत त्याची पाठ दुखायला लागली. तो बोलला नाही, मीही बघितलं नाही. कंबर फिरायच्या ऐवजी तो पाठ मागे वाकवून बॅट ओढत होता, हे मला दिसायला हवं होतं. डॉक्टरांनी चार महिने खेळ बंद केला. हाडं भराभर वाढत असताना स्नायू मागे पडतात, त्या वयात एकाच बाजूला एवढ्या वेळा पिळणं पाठीला झेपत नाही, असं त्यांनी समजावलं. वडिलांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तो मुलगा खेळाकडे परतला नाही.

तेव्हापासून माझ्याकडे बॅट ठरवायची एकच परीक्षा आहे. एका हातात बॅट धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला करायचा, वीस आकडे मोजायचे. टोक खाली यायला लागलं की ती बॅट जड. मग कुणी कितीही हट्ट करो. जड बॅटने लांब जातो ही समजूत पालकांचीही असते. ते म्हणतात, "मॅडम, धोनीची बॅट किती जड होती!" मी त्यांना सांगते, बॅटचं वजन वाढवून जे मिळतं ते थोडं असतं, त्यापायी फिरण्याचा वेग गेला तर जातं ते पुष्कळ. आणि स्विंग दिवसाला चाळीस, तेही मोजून, मधे दुसऱ्या बाजूनेही फिरवून.

लहान चणीच्या मुलांना मी सादाहारू ओहची गोष्ट सांगते. ताकदीचा खेळ म्हणजे धिप्पाड माणसांचा, असं वाटत असेल तर हा जपानमधला खेळाडू पाच फूट दहा इंचांचा होता आणि त्याने ८६८ होम रन मारले. १९५९ साली तो योमिउरी जायंट्समध्ये आला आणि पहिली तीन वर्षं इतक्या वेळा स्ट्राइकआऊट झाला की प्रेक्षक त्याला स्ट्राइकआऊटचा राजा म्हणून चिडवायचे; ओह या शब्दाचा अर्थच राजा. मग त्याच्या कोचने, हिरोशी अराकावाने, त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला लावलं, हातात तलवार देऊन छताला टांगलेला कागद कापायचा सराव करून घेतला. आम्ही तलवारीऐवजी बॅट आणि कागदाऐवजी वर्तमानपत्राची पट्टी टांगतो. पट्टी फाटली तर बॅट वेगात होती, नुसती हलली तर ढकलली. मला त्या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटतात ती पहिली तीन वर्षं. कुणीतरी त्याला तीन वर्षं चुकू दिलं.

मुलं मला 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेबद्दल विचारतात. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोघे तीत निवडले गेले, पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं, सिनेमा निघाला. ते दोघे पिचर होते. फेकणारा हात मोठ्या वयातही शोधून घडवता येतो, ते त्यांनी दाखवलं. पण फलंदाज तसा सापडत नाही. त्याला लहान मुलांच्या पिचिंगमध्ये ४६ फुटांवरून पाऊण सेकंदाच्या आत येणारा चेंडू हजारो वेळा पाहावा लागतो, हजारो वेळा चुकावं लागतं. आणि चुकायची मुभा आमच्या मुलांना ना सोसायटीत मिळते, ना वर्गात, ना माझ्या पहिल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडे मिळाली.

ती लहान मुलगी आठवीत होती तेव्हा गच्चीवरचं जाळं लागलं. मी तिला बोलावून सांगितलं, आता तू मारायचंस. तिने पहिला महिनाभर मारलंच नाही. टीवर ठेवलेल्या, जागच्या जागी असलेल्या चेंडूवरसुद्धा तिची बॅट मध्येच थांबायची. दोन वर्षं जे सांगितलं होतं ते मनगटात बसलं होतं. मी तिच्यासाठी वेगळंच करून पाहिलं, चेंडू काढून घेतला. नुसती पट्टी, नुसती बादली. मग चेंडूच्या जागी गुंडाळलेला मोजा. एक दिवस मोजा उडून जाळ्याच्या वरून खाली रस्त्यावर गेला, आणि ती जोरात हसली. त्यानंतर बॅट थांबली नाही.

स्पर्धांमध्ये ती पुष्कळदा आऊट झाली. तिचा हक्काचा वॉक आम्ही गमावला, त्या वर्षी मनपा स्तरावर आम्ही हरलो. शाळेत मला विचारणा झाली. मी काय सांगणार होते, पूर्वी जिंकत होतो ते कसं?

दहावीच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानावर दुसऱ्या एका शाळेबरोबर रविवारचा सराव सामना खेळलो. तिच्यासाठी फील्डर पुढे आले, उंची बघून. दुसरा बॉल जरा आत आला. आवाज झाला तो मी गच्चीवर शेकडो वेळा ऐकलेला. चेंडू सेंटरफील्डच्या डोक्यावरून गेला आणि जातच राहिला.

ती पळाली नाही. बॅट हातात तशीच, हेल्मेट भुवयांवर, आणि ती बघत उभी. दोन वर्षं चार हातांवर अडलेला तिचा चेंडू पहिल्यांदा पुढे कुठे जातो ते तिला दिसत होतं. बाकावरून सगळे ओरडत होते, "पळ! अगं पळ!" मी पण ओरडत होते, मग थांबले. चेंडू जमिनीला लागल्यावर ती भानावर आली, बॅट टाकली, आणि तीन बेस सहज मिळाले असते तिथे कशीबशी पहिल्या बेसवर पोचली.

सामना संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, बघून येऊ कुठे पडला होता?" आम्ही दोघी प्लेटपासून पावलं मोजत निघालो. तिची पावलं छोटी, म्हणून मी तिच्या पावलांनीच मोजलं. अठ्ठ्याऐंशी. तिथे गवत दबलेलं वगैरे काही दिसत नव्हतं, पण तिने जागा बरोबर धरली होती. तिथे उभी राहून तिने वळून प्लेटकडे पाहिलं, मग जरा बाजूला सरकली. "नाही, इथे," म्हणाली.